बेटावरचा संसार

रॉबिन्सन क्रूसोची पहिली पेरणी वाया गेली होती. वाळूतला पावलाचा ठसा सगळ्यांना आठवतो, बकरीच्या कातड्याची छत्री आठवते, फ्रायडे तर आठवतोच. पेरणी सहसा कुणाला आठवत नाही. जहाजावरून आणलेली कोंबड्यांच्या खाद्याची पिशवी तो आपल्या कुंपणापाशी झटकतो. पाऊस होतो आणि तिथे सातूचे कोंभ दिसू लागतात. आधी त्याला ती देवाची करणी वाटते, मग पिशवी आठवते. तो दाणा तो जपतो आणि पाऊसमानाचा अंदाज नसल्यामुळे भलत्याच दिवसांत पेरतो. पुढे कोरडे महिने लागतात. एकही दाणा उगवत नाही. मात्र सगळं बी त्याने टाकलेलं नसतं, मूठभर मागे ठेवलेलं असतं. त्या मुठीवर पुढची सगळी वर्षं निघतात.

हे मी बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात वाचलं, म्हणून लक्षात राहिलं. बालाघाटच्या या माथ्यावर मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या उगम पावतात आणि पाणी घेऊन खाली दुसऱ्यांकडे निघून जातात. दुबार पेरणी इथे पोराटोरांनाही कळते. शेजारच्या आबांना मी ही गोष्ट मोठ्या उत्साहाने सांगितली होती. जहाज फुटलं, माणसं बुडाली, एकटा वाचला, इथवर ते नुसते हूं हूं करत होते. पेरणीपाशी मात्र सावरून बसले. "जमीन कशी व्हती?" म्हणाले. मला सांगता येईना. मग स्वतःच म्हणाले, "मूठ राखून ठिवली ना? बापानं शिकवलेलं दिसतंय." क्रूसोच्या बापाला पोराला वकील करायचं होतं आणि पोरगा त्याचं न ऐकता समुद्रावर पळाला होता. आबांना हे सांगायचं धाडस मला झालं नाही.

डॅनियल डिफोने हे पुस्तक 1719 मध्ये छापलं ते मुलांसाठी नव्हे. मुलांनी ते मोठ्यांच्या हातून काढून घेतलं. पुढे 1762 मध्ये रूसोने आपल्या 'एमिल'मध्ये लिहून ठेवलं, की पोराला द्यायचं पहिलं पुस्तक हेच, आणि बराच काळ त्याच्या कपाटात दुसरं पुस्तक नसेल. त्यातही रूसोला बेटावरचा भाग तेवढा हवा होता. बेटावर वस्तूची किंमत बाजार ठरवत नाही, ती कामाला किती येते यावर ठरते, हे पोराने शिकावं असं त्याला वाटे. डिफो स्वतः इतका सोवळा नव्हता. फुटक्या जहाजावर क्रूसोला पैसे सापडतात, तेव्हा तो त्यांना उद्देशून चांगलं भाषण ठोकतो, की तुमचा इथे काडीचा उपयोग नाही. आणि मग फडक्यात बांधून बरोबर घेतो. हा माणूस मला फार ओळखीचा वाटतो.

आमचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. गाव ऊसतोडीचं. दसरा झाला की मुकादमाच्या फेऱ्या वाढायच्या आणि दिवाळी उरकली की टोळ्या निघायच्या. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पुणे-साताऱ्याकडे, कुणी पार बेळगाव-बागलकोटला. जोडपं मिळून एक कोयता धरतात; उचल त्या कोयत्यावर मिळते आणि हंगामभर तोडून फेडायची असते. ट्रकमध्ये ज्वारीचं पोतं, कळशी, तवा, गोधड्या, कोंबडी, शेळी आणि वर माणसं. एका रात्रीत गल्ली रिकामी. दारं ओढून कड्या घातलेल्या, कुत्री शिरू नयेत म्हणून उंबऱ्यापुढे बाभळीच्या काट्या टाकलेल्या. मागे म्हातारी माणसं, नोकरदारांची दोन-चार घरं, थोडी पोरं आणि रानात उभा शाळू. दुसऱ्या दिवशी वडील हजेरी घ्यायचे तेव्हा प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबायचे. रिकामी नावंही ते वगळत नसत.

अशा गावात शाळेच्या पेटीतली क्रूसोची संक्षिप्त मराठी प्रत हातात पडली तर पोरगं काय करील? मी त्या रिकाम्या गल्लीचं बेट केलं. क्रूसो खांबावर रोज एक खाच पाडून दिवस मोजतो, म्हणून मी माझ्या मित्राच्या बंद घराच्या ओट्यावर कोळशाने रेघा ओढायचो. रानाच्या कडेने बोरं गोळा करायची, चुलीत शेंगा भाजायच्या, निवडुंगाच्या कुंपणाला तटबंदी म्हणायचं. संध्याकाळ झाली की आई हाक मारायची आणि बेट संपायचं.

उन्हाळा लागता लागता मित्र परत आला. मी त्याला पुस्तक दाखवलं. त्याने वाचलं नाही, चित्रं पाहिली. क्रूसोच्या झोपडीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "हे गळंल." तो त्या हंगामात स्वतः कोपी, म्हणजे फडावरची पाचटाची झोपडी, बांधू लागला होता. बांबू किती तिरका रोवायचा, पाचट कुठून कुठे चढवत न्यायचं, सुतळीची गाठ कुठे मारायची, वारा कोणत्या अंगाने येतो ते पाहून तोंड कुठे ठेवायचं, हे सगळं त्याच्या हातात होतं. मी त्याला फडातल्या गोष्टी विचारत राहिलो, काहीतरी थरारक निघेल या आशेने. तो एवढंच म्हणाला, "थंडी लई असती." त्याच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तो संसार होता, आणि संसाराची कुणी गोष्ट करतं का?

करतात. रानात एकट्या पडलेल्या पोरांची पुस्तकं पुढे बरीच वाचली आणि माझं मत पक्कं झालं, की या सगळ्या प्रकाराला साहस म्हणतात ते वरवरचं. मुळात ही घरकामाची पुस्तकं आहेत. क्रूसोच्या बेटावर 28 वर्षं जातात. त्यात नरभक्षकांशी झटापट थोडी आणि मडकं भाजण्याची खटपट फार. भाकरीसाठी पीठ, पिठासाठी उखळ, चाळण्यासाठी फडकं, भाजण्यासाठी खापर, असं एकातून एक निघत जातं आणि डिफो त्यातलं काही सोडत नाही. जीन क्रेगहेड जॉर्जच्या 1959 च्या 'माय साइड ऑफ द माउंटन'मधला सॅम ग्रिब्ली न्यूयॉर्कच्या घरातून निघतो, कारण त्या घरात भावंडांची दाटी आहे. कॅट्स्किलच्या डोंगरात एका जुन्या झाडाचा बुंधा पोखरून तो त्यात राहतो, ओकच्या फळांचं पीठ करतो, ससाण्याचं पिल्लू पाळतो. पुस्तकात अक्षरशः पाककृती आहेत. शेवटी त्याचे आईबाप आणि सगळी भावंडं डोंगरावरच राहायला येतात. ते वाचताना मला आमची ट्रकमधून उतरणारी बिऱ्हाडं आठवून हसू आलं होतं.

आपल्याकडे असं पुस्तक का झालं नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं चावत होता. साहस आपल्याकडे झालं. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात सायकलवरून उंडारू लागला. पण फास्टर फेणे चोर पकडतो. त्याला चूल पेटवावी लागत नाही. दुसऱ्या टोकाला 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 साली लिहिलेल्या या पुस्तकावर पिढ्या वाढल्या, आणि त्याचा सगळा जीव घरात आहे. तुरुंगात एकटा बसलेला माणूस बेटाची गोष्ट लिहीत नाही, आईची लिहितो. यावरून आपल्याबद्दल काही सिद्धान्त मांडायचा मोह होतो. मी तो आवरतो.

शिवाय रानात एकटं गेलेलं पोर आपल्याकडे नाही असंही नाही. ध्रुव पाच वर्षांचा. सावत्र आईने बापाच्या मांडीवरून उठवलं म्हणून तो घर सोडतो. भागवताच्या चौथ्या स्कंधात त्याच्या रानातल्या आहाराचा तपशील आहे आणि तो मोठा चोख आहे. पहिला महिना दर तिसऱ्या दिवशी कवठं आणि बोरं. दुसऱ्या महिन्यात दर सहाव्या दिवशी गवत आणि गळलेली पानं. तिसऱ्यात दर नवव्या दिवशी पाणी. चौथ्यात बाराव्या दिवशी नुसता वारा. क्रूसोची यादी वाढत जाते, ध्रुवाची कमी होत जाते. क्रूसोला जगायचं आहे. ध्रुवाला मांडी हवी आहे. ती न मिळता अढळपद मिळतं, आणि कीर्तनकार तिथे टाळ्या घेतात. लहानपणी मात्र मी त्या पहिल्या महिन्यापाशीच अडकलो होतो, कारण कवठ आणि बोर दोन्ही आमच्या डोंगरात होती. ध्रुव पाटोद्यातच कुठे तरी बसला असेल अशी माझी समजूत होती.

गावात मागे राहिलेल्या पोरांच्या सगळ्यात जवळचं मराठी पुस्तक कोणतं, तर मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' म्हणेन. लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी राहतो. रान नाही, संकट नाही, घरात माणसं आहेत, जेवायला आहे. तरी संतांनी 1994 च्या त्या पहिल्या संग्रहाला नाव दिलं ते हेच. पोराचं एकटेपण मोजायला रान लागत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. फक्त लंपनला आजीची भाकरी करावी लागत नाही.

भाकरीचा मुद्दा मला एका मुलीने शिकवला. बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. आईबाप फडावर गेले तरी पोरांची शाळा सुटू नये म्हणून गावातच त्यांच्या जेवणाची सोय करायची आणि हंगाम सरेपर्यंत त्यांना सांभाळायचं, अशी ही व्यवस्था. बरीचशी पोरं रात्री आजी-आजोबांकडे झोपायला जातात. अलीकडे संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची वेगळी योजनाही आली आहे. अशाच एका ठिकाणच्या शिक्षक मित्राने मला संध्याकाळी गोष्टी सांगायला बोलावलं. राजा-राणीच्या गोष्टींना पोरं विटली होती. मी गॅरी पॉल्सनचं 'हॅचेट' घेऊन गेलो. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडाने मराठीत सांगायचं, असा प्रकार.

पुस्तक 1987 चं. तेरा वर्षांचा ब्रायन रोबसन बापाला भेटायला छोट्या विमानाने कॅनडाच्या उत्तरेकडे निघतो. आईबापांचा घटस्फोट झालेला. वाटेत पायलटला हृदयविकाराचा झटका येऊन तो मरतो, विमान एका तळ्यात पडतं, आणि पोरगा काठावर येतो तेव्हा त्याच्याजवळ आईने निघताना दिलेली कुऱ्हाड तेवढी असते, कमरपट्ट्याला अडकवलेली. चोपन्न दिवस तो तिथे काढतो.

पहिला तास संपायच्या आत पोरांनी ब्रायनला वेड्यात काढलं. तो भुकेने लाल फळं खातो आणि रात्रभर ओकतो, यावर सगळा वर्ग हसला. "वळखू न येता कामून खाल्लं?" एकाने विचारलं. आधी पाखरं खातात का ते बघावं, मग एक चाटून बघावं, मग थांबावं, असा क्रम दुसऱ्याने सांगितला आणि तो बराच सविस्तर होता. डास चावतात तर शेण किंवा पाला पेटवून धूर करावा. साळिंदराचे काटे पायात घुसतात तिथे मात्र कुणी हसलं नाही. अंधारात साळिंदरावर फेकलेली कुऱ्हाड गुहेच्या भिंतीवर आपटते आणि ठिणग्या उडतात. त्या ठिणग्यांतून विस्तव कसा करायचा हे समजायला त्याला वेळ लागतो. वाळलेलं गवत पेटत नाही, फाडलेली नोट पेटत नाही, शेवटी झाडाची साल केसांएवढी बारीक करून तिचं घरटं केल्यावर पेटतं. हा भाग मला दोनदा वाचावा लागला, पोरांच्या आग्रहावरून. दुसऱ्या दिवशी दोघंजण खिशात गारगोट्या घेऊन आले होते.

मग ती पक्ष्यांची गोष्ट. ब्रायनला पायाखालून भर्रकन उडणारे पक्षी दिसतात, पण बसलेले असताना दिसत नाहीत. तो रंग शोधत असतो. एके दिवशी त्याच्या लक्षात येतं की रंग बघायचाच नाही, आकार बघायचा; नाशपातीसारखा, पुढे टोकदार. मी वाक्य पुरं करायच्या आत तीन-चार जण ओरडले, "तितर!" बालाघाटच्या माळावर तितर असंच अंगावर उडतं. अमेरिकेतला नामांकित लेखक आपल्याला ठाऊक असलेलीच गोष्ट सांगतोय म्हटल्यावर पुस्तकाची पत एकदम वाढली.

सहावीतली एक मुलगी मात्र पहिल्यापासून फारशी प्रभावित नव्हती. ती दाराशी बसायची, म्हणजे जायला सोपं. धाकटा भाऊ मांडीला डोकं लावून झोपलेला. आठवड्याभराने तिने पहिला प्रश्न विचारला. "सर, त्याला भाऊ-बहीन नव्हते का?" नव्हते, म्हणालो. "आजी?" तीही तिथे नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली. "मंग एकट्यापुरतंच करायचं व्हतं ना त्याला?"

यावर मी काही बोललो नाही आणि पुढचं पान काढलं. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. ही मुलगी शाळा सुटल्यावर पाणी भरते, शेळीला पाला आणते. जेवण वसतिगृहात झालं तरी रात्री आजीला भाकरी करून घालते, आजीची गोळी आठवणीने देते, भावाचा अभ्यास घेते. हे तिने सांगितलं नाही, मित्राने सांगितलं. तिच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नाही, माझ्या लहानपणच्या मित्राच्या लेखी कोपीत नव्हतं तसंच. ब्रायनने पाणी आणलं, विस्तव जपला, खाणं मोजून पुरवलं, तर ते साहस. त्यावर पुस्तक निघतं, न्यूबेरीचा सन्मान मिळतो, जगभरची पोरं श्वास रोखून वाचतात. तिने तेच दोन माणसांसाठी जास्तीचं केलं तर ते घरकाम. मधला फरक फक्त आसपासच्या झाडांचा आहे की काय?

पण म्हणून मी पुस्तक बंद केलं नाही, आणि या पोरांना ब्रायन काय कामाचा असंही मला वाटत नाही. उलट. पोरं त्या पुस्तकाला इतकी का चिकटली, याचं उत्तर मला तिच्याच वाक्यात सापडलं. विस्तव कसा पेटवायचा यावर कुणीतरी पानंच्या पानं लिहिली आहेत, हीच त्यांना नवलाई होती. त्यांची रोजची कामं या पुस्तकात वजनदार होती. शाळेच्या पुस्तकात भाकरी आयती येते. इथे प्रत्येक घास कुठून आला हे लिहिलेलं होतं. मुलांच्या वाङ्मयात हा एवढाच प्रकार असा, जिथे पाणी भरणं हे कथानक असतं.

आणि पॉल्सन हे बंगल्यात बसून लिहीत नव्हता. आईबाप दारूत बुडालेले, घर नावालाच. मिनेसोटाच्या रानात आणि तळघरात त्याचं पोरवय गेलं. तेरा वर्षांचा असताना थंडी टाळायला तो एका वाचनालयात शिरला आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंनी त्याच्या नावाचं कार्ड करून दिलं, पुस्तकं हातात ठेवली, ही हकिकत त्याने पुढे पुन्हा पुन्हा सांगितली. 2021 मध्ये तो गेला. त्याच्या ब्रायनला रान अचानक भेटतं. त्याला स्वतःला ते घरापेक्षा बरं वाटलं होतं. म्हणूनच बहुधा त्याच्या पुस्तकात रान कधी राक्षस होत नाही. ते फक्त दखल घेत नाही.

आमच्याकडचं रान दखल घेतं, हे सांगायला हवं. नायगावच्या मयूर अभयारण्यात मोर आहेत, माळावर काळवीट, तरस, लांडगा. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याने काही दिवसांच्या अंतराने माणसं मारली; त्यात एक दहा वर्षांचा मुलगा होता. पुढे डिसेंबरात तो बिबट्या करमाळ्याच्या बाजूला गोळी घालून मारला गेला. पोरांना ही तारीखवार माहिती आहे. आणि ती आईबापांबरोबर फडावर गेली तरी सुटका नाही, कारण आज बिबट्याचं रान म्हणजे ऊसच. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याच्या माद्या उसात वितात. तोड शेवटच्या पट्ट्यापाशी आली की डोळे नुकते उघडलेली पिल्लं हाताशी लागतात. मग वनखात्याची माणसं येतात, माणिकडोहच्या निवारा केंद्रातले डॉक्टर पिल्लं तपासतात, आणि अंधार पडताना ती टोपल्यात किंवा खोक्यात घालून नेमकी जिथे सापडली तिथेच ठेवतात. लांब कॅमेरा लावतात. बहुतेक वेळा मादी रात्रीत येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ही पद्धत बसवायला लोकांनी मेहनत घेतली आहे आणि ती फार चांगली चालते. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना आनंद झाला. एकाने विचारलं, मादीला यायला किती दिवस लागतात. एक रात्र, मी म्हणालो. त्याची आई कर्नाटकात होती.

'हॅचेट'च्या शेवटाविषयी वर्गात भांडण झालं. वादळाने विमानाची शेपटी पाण्यावर येते. ब्रायन तराफा करून तिथवर जातो, कुऱ्हाड पाण्यात निसटते, बुडी मारून ती काढतो, विमानातली पिशवी बाहेर काढतो. तिच्यात खाणं, लायटर, बंदूक. एक यंत्रही असतं, त्याचं बटण तो सहज चाळवतो आणि बंद पडलंय म्हणून बाजूला ठेवतो. ते चालू असतं. विमान येतं. मुलांना हे पटलं नाही. एवढं सगळं शिकला आणि शेवटी बटणाने वाचला? मुलींचं म्हणणं वेगळं होतं: वाचला ना, मग कशाने का वाचेना. घरी गेल्यावर तो बरेच दिवस दुकानात मांडलेलं खाणं नुसता बघत उभा राहायचा, असं शेवटी येतं. त्यावर एकमत झालं. असं होतं, म्हणाले. फडावरून आल्यावर पहिल्या आठवड्यात घरचं दार सुद्धा मोठं वाटतं.

पायलटचं पुढे काय झालं, हेही त्यांना हवं होतं. तो तळ्याच्या तळाशी विमानातच होता आणि ब्रायनला तो दिसतो. मी ते सांगितलं, जसं आहे तसं. कुणी घाबरलं नाही. मुलांपासून काय लपवावं याची मोठ्यांची यादी मुलांच्या यादीशी कधीच जुळत नाही.

पुस्तक संपल्यावर त्या मुलीने अट घातली, की पुढच्या गोष्टीत पोरगी पाहिजे. अशी गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर सॅन निकोलस नावाचं बेट आहे. तिथली माणसं 1835 मध्ये जहाजातून हलवली, तेव्हा एक बाई मागे राहिली. 1853 मध्ये ती सापडली. अठरा वर्षं एकटी. तिला सांता बार्बराला आणलं, पण तिची भाषा समजणारं कुणी उरलं नव्हतं. सातच आठवड्यांत ती वारली. स्कॉट ओडेलने तिच्यावरून 1960 मध्ये 'आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स' लिहिलं. त्यातली कराना बारा वर्षांची. सगळे जहाजात बसतात, धाकटा भाऊ रामो आपला भाला आणायला मागे पळतो आणि जहाज सुटतं. तिला भाऊ काठावर दिसतो. ती समुद्रात उडी टाकून परत जाते.

क्रूसो वादळाने पडला, ब्रायन अपघाताने, सॅम हौसेने गेला. ही एकटी भावासाठी थांबलेली. तिच्या टोळीत बाईने हत्यार करायचं नाही असा नियम असतो. केलं तर वारा उलटेल, भाला नेमका वेळेवर मोडेल असं वडीलधारे सांगत आलेले. बेटावर नियम सांगायला कुणी उरलेलं नसतं, तरी ती घाबरत घाबरतच धनुष्य करते. व्हेलच्या बरगड्या रोवून घराला कुंपण घालते. पाणकावळ्यांच्या पिसांचा घागरा करते. मला हे पुस्तक 'हॅचेट'पेक्षा मोठं वाटतं.

अडचण अशी की रामो फार लवकर मरतो. दोघं बेटावर राहिल्यावर थोड्याच दिवसांत, सकाळी एकटा बाहेर पडलेला असताना, रानटी कुत्र्यांचा कळप त्याला मारतो. हे आष्टीच्या शेजारच्या तालुक्यात, मांडीवर धाकटा भाऊ निजलेल्या मुलीसमोर वाचायचं आहे. मित्र म्हणाला, रामोला आजाराने मार, नाहीतर जहाजातच बसव. जहाजात बसवला तर ती उडी कशासाठी टाकील? पुस्तकच उरत नाही. मी तिला आडून विचारून पाहिलं, की गोष्टीत भावाचं वाईट झालं तर चालेल का. तिने उलट विचारलं, "नंतर ती काय करती?" आधी कुत्र्यांना मारायची शपथ घेते, म्हणालो, आणि मग कळपाच्या म्होरक्यालाच, बाण लागून पडलेल्याला, घरी आणून खाऊ घालते. त्याचं नाव ठेवते. "मंग सांगा की," ती म्हणाली, आणि भावाला उठवून आजीकडे घेऊन गेली.

तेव्हा सोमवारी ते प्रकरण आहे. मराठीत करून ठेवलंय, रामोच्या भाल्यासकट. फडावरची माणसं परतायला अजून वेळ आहे. कराना कुंपण घालून, होडीची डागडुजी करून, कुत्र्याशी बोलायला लागेपर्यंत तरी वाचून होईल. एका मुलाने आत्तापासून विचारून ठेवलंय, की व्हेलच्या बरगड्या नसतील तर काय वापरायचं. दुसऱ्याने त्याला सांगितलं, बाभळीच्या काट्या.